समुद्राचे शास्त्र कोणासाठी?
(पाथर्डी येथील भाषण)

पाथर्डीत समुद्राची चर्चा कशाला, असे कोणी विचारील. परंतु येथे तुटपुंजा पडतो त्या पावसाची बरीचशी वाफ अरबी समुद्राचीच. सह्याद्री ती अडवितो एवढेच.

१९८१ साली रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय निघाले आणि त्याच वर्षी राज्याचा सागरी मासेमारी नियमन कायदाही झाला. शास्त्र व कायदा जुळे जन्मले. कोळीवाड्यात मात्र कायदाच तेवढा पोहोचला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी असते. त्यामागील प्रजननाचे तत्त्व कोळ्यास नवे नाही. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी न लोटण्याची रीत त्याचीच. पर्ससीनवाल्या भांडवलदारांवर निर्बंध यावयास २०१६ साल उजाडले, आणि अंमल दुबळाच राहिला.

कोळ्याचा आजा तिथीवरून भरती सांगतो. नातवाचे पाठ्यपुस्तक त्या ज्ञानाची दखल घेत नाही. येथील कोयत्यास मुकादमाची उचल ठाऊक आहे. तिकडे छोट्या होडीवाल्यास व्यापाऱ्याची.

मासळीच्या साठ्याचे आकडे प्रत्येक बंदरावर मराठीत लागावेत आणि प्रयोगशाळांची दारे मच्छीमार सहकारी संस्थांस उघडावीत, ही मागणी ऊसतोड कामगारांच्या ठरावाशेजारीच लिहिली पाहिजे.