रानातील अळंबी : अन्न आणि अपाय



पावसाळा स्थिरावला, की कोकणात व गोमंतकात वारुळांच्या आसपास अळंबी उगवू लागतात. विदर्भात त्यांनाच टेकोडे म्हणतात. वारुळातील वाळवी जमिनीखाली एक बुरशी आपल्या अन्नासाठी जोपासते. तिचेच फळ छत्रीच्या रूपाने वर येते. श्रावणात सामिष वर्ज्य असलेल्या घरांत या भाजीचे मोल विशेष असते. ताज्या अळंबीत सुमारे 90 टक्के पाणी असले, तरी उरलेल्या अंशात प्रथिने, तंतू, पोटॅशियम व ब गटातील जीवनसत्त्वे असतात आणि स्निग्धांश अत्यल्प असतो. असे अन्न रानातून विनामूल्य मिळते, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु त्याच ओलाव्यात विषारी छत्र्याही वाढतात. एप्रिल 2022 मध्ये आसामच्या चहामळ्यांच्या भागात रानातील अळंबी खाऊन 13 जण दगावले. अशा घटनांच्या मुळाशी बहुधा चुकीची ओळख असते. चांदीचे नाणे काळे पडले नाही, शिजताना लसणाचा रंग बदलला नाही किंवा किड्यांनी ती खाल्ली आहे, म्हणून अळंबी निर्धोक, असा समज अनेक ठिकाणी आढळतो. या कसोट्यांना कोणताही आधार नाही. सर्वांत घातक असे अमाटॉक्सिन हे विष शिजविल्याने वा वाळविल्यानेही नष्ट होत नाही.

विषबाधेचे दोन प्रकार ध्यानी ठेवावेत. हिरवळीवर व मैदानांत उगवणारी एक मोठी पांढरी छत्री खाल्ल्यास एक ते तीन तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. तिच्या खालच्या पाती वाढत्या वयात हिरवट होतात. कोवळेपणी मात्र त्या पांढऱ्याच असल्याने फसगत होते. दुसरा प्रकार अधिक भयंकर आहे. अमाटॉक्सिन पोटात गेल्यास बहुधा 6 ते 24 तास काहीच जाणवत नाही. नंतर तीव्र उलट्या-जुलाब होतात आणि पुढे रुग्णाला उतार पडल्यासारखे वाटते. हा उतार फसवा असतो. त्याच काळात यकृत निकामी होत असते. यास्तव बरे वाटते म्हणून रुग्णाला घरी नेणे हे त्याच्या जिवावर बेतू शकते. या विषावर खात्रीचा उतारा नाही. लवकर मिळालेले उपचार हाच मोठा आधार आहे.

म्हणून शंका येताच 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. ज्यांनी ज्यांनी ती भाजी खाल्ली, त्या सर्वांना, त्रास नसला तरी, रुग्णालयात न्यावे. उरलेली भाजी व कच्ची अळंबी कागदात गुंडाळून सोबत न्यावी आणि जेवणाची वेळ डॉक्टरांना सांगावी.

ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत हा विषय मांडावा. शिक्षकांनी मुलांना शाळेच्या आवारातील छत्र्या तोडू देऊ नयेत. गावातील जाणत्या स्त्रियांचे ज्ञान मोलाचे आहे. तथापि एका प्रदेशातील ओळख दुसऱ्या प्रदेशात लागू पडेलच असे नाही. ज्यांना अळंबीची आवड आहे, त्यांच्यासाठी भाताच्या पेंढ्यावर लागवड होणारी धिंगरी हा सुरक्षित पर्याय आहे. रानातील अळंबीविषयी तिळमात्र शंका असेल, तर ती ताटात येता कामा नये.