शाळेची वर्गणी, पावती आणि ८०जी



बचत गटांच्या बैठकांना आम्ही गावोगाव जातो. जून-जुलै आला की हप्ते-कर्जाचे बोलणे संपल्यावर शाळेचा विषय हमखास निघतो. एखादी आई हळूच विचारते, 'शाळेची वर्गणी द्यावीच लागते का हो ताई?' आणि शाळा व्यवस्थापन समितीवर गेलेली एखादी मैत्रीण विचारते, 'बाजारातले शेठ पंख्यांसाठी दहा हजार द्यायला तयार आहेत, पण टॅक्सची पावती मागतात. ती आम्ही कुठून द्यायची?' आज या दोन प्रश्नांविषयी बोलू.

पहिला प्रश्न आधी, कारण तो गरिबाच्या घरचा आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा. सरकारी आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली ते आठवीचे शिक्षण मोफत आहे. याच कायद्याचे कलम १३ खाजगी शाळांनाही लागू आहे. ठरलेल्या फीशिवाय प्रवेशासाठी देणगी घेता येत नाही, मग तिला इमारत निधी म्हणा नाहीतर विकास निधी म्हणा. घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड होऊ शकतो. महाराष्ट्रात तर १९८७ पासूनच देणगी घेऊन प्रवेश देण्याला बंदी आहे.

मग लोकवर्गणी काढायचीच नाही का? काढा की! आपल्या कितीतरी शाळांची कुंपणे, रंगकाम, डिजिटल वर्ग लोकवर्गणीतून झाले आहेत. पण वर्गणी खुशीची हवी. प्रवेश, दाखला, निकाल यांच्याशी तिचा संबंध नको. 'प्रत्येक पालकाने पाचशे रुपये आणावेत' असा ठराव झाला की ती वर्गणी राहत नाही, फी होते. आणि ज्यांनी दिले नाही त्यांची नावे सभेत वाचायची, मुलाला वर्गात उभे करायचे, हे तर मुळीच नको. मजुरीवर जाणारी आई लाजेपोटी मुलाला चार दिवस घरी ठेवते. पंखा येतो, पण पोर वर्गात नसते. मग तो पंखा कुणासाठी?

आता समितीवरच्या मैत्रिणींसाठी. समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. शासनाकडून आलेला पैसा आणि इतर कुठूनही आलेला पैसा कसा खर्च होतो यावर लक्ष ठेवणे हे समितीचे कामच आहे. म्हणजे शेठजींचे दहा हजारही तुमच्या देखरेखीखाली येतात. तुम्ही फक्त सहीपुरत्या नाही.

हे काम आपल्याला नवे नाही. गटात आपण जे करतो तेच इथे करायचे. आधी बैठकीत ठराव: कशासाठी पैसे हवेत, अंदाजे किती. मग नंबर असलेले पावती पुस्तक, आणि प्रत्येक रुपयाला पावती. पैसे कुणाच्या घरच्या डब्यात नकोत, सरांच्या किंवा अध्यक्षांच्या स्वतःच्या खात्यावरही नकोत. ते शाळेच्या समितीच्या बँक खात्यातच भरायचे. वस्तू आली तर तिची नोंद डेडस्टॉक रजिस्टरला. बिल फाइलला लावायचे, आणि शिल्लक पुढच्या बैठकीत वाचून दाखवायची. आनंद मेळाव्याचे गल्ल्याचे पैसेसुद्धा याच वाटेने जायला हवेत. कोऱ्या ठरावावर सही मागितली, तर 'आधी लिहा, वाचून दाखवा, मग करते' एवढे म्हणायला घाबरू नका.

दारोदार किंवा बाजारपेठेत फिरून वर्गणी गोळा करायची असेल तर आणखी एक गोष्ट. गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी घेतात, हे तुम्हाला माहीत असेल. सार्वजनिक न्यास कायद्याचे ते कलम ४१ क. नोंदणी नसलेल्या पालकांच्या गटाने नुसते पावती पुस्तक छापून फिरू नये. आधी त्या कार्यालयात विचारावे.

आता शेठजींची टॅक्सची पावती. पालकांचा संघ चांगले काम करतो म्हणून त्याला आपोआप करसवलत मिळत नाही. तिच्यासाठी दोन वेगळ्या नोंदी लागतात. एक १२ए म्हणून ओळखली जाते. तिने संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नाला सूट मिळते. दुसरी ८०जी, तिने देणगी देणाऱ्याला सवलत मिळते. दोन्हींसाठी आधी संस्था नोंदलेली हवी. संस्था नोंदायला किमान सात जण लागतात, आणि पुढे दरवर्षी हिशेब, ऑडिट, आयकर विभागाला देणगीदारांची यादी ऑनलाइन कळवणे, हे सगळे आले. चार पंख्यांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही. दरवर्षी मोठे काम करायचे असेल तरच त्यात पडावे.

त्यापेक्षा सोपा रस्ता असा. तालुक्यात ८०जी असलेली एखादी चांगली नोंदणीकृत संस्था असेल, तर शेठजींनी देणगी तिला द्यावी, तिने आपल्या नावाने पावती द्यावी आणि शाळेचे काम करावे. मात्र त्या संस्थेची ८०जी नोंदणी आज चालू आहे का, ते आधी पाहून घ्या. नोंदणीला मुदत असते. नोंदणी नसताना आपल्या पावतीवर '८०जी' असा शिक्का मारणे ही देणगीदाराची फसवणूक आहे, आणि अंगाशी येते ती सही करणारीच्या.

शेठजींनाही चार गोष्टी सांगा. दोन हजारांपेक्षा जास्त रोख दिले तर सवलत नाही. चेक किंवा ऑनलाइन द्यावे. थेट पंखे आणून दिले तर शाळेला आनंदच आहे, पण वस्तूवर सवलत मिळत नाही. नव्या करपद्धतीत असतील तर ही सवलत त्यांना लागूच नाही. आणि दहा हजार दिले म्हणजे दहा हजार कर वाचला असे होत नाही. बहुतेक संस्थांच्या बाबतीत निम्मी रक्कम, म्हणजे पाच हजार, उत्पन्नातून वजा होते. वीस टक्के कर भरणाऱ्याचे त्यातून साधारण हजार रुपये वाचतात. हे ऐकल्यावर बरेच जण म्हणतात, 'राहू द्या ती पावती, शाळेची साधी पावती द्या.' ती मात्र न चुकता द्या.

मैत्रिणींनो, पुढच्या समितीच्या बैठकीला जाल तेव्हा तीन वस्तू मागून बघा: बँकेचे पासबुक, पावती पुस्तक आणि ठराव वही. गटाचा हिशेब पैशापैशाने जुळवणाऱ्या बायका आहोत आपण. शाळेचा हिशेबही आपल्याला वाचता येतो, आणि तो वाचायचा हक्क आपल्याला कायद्याने दिला आहे.