रोगप्रतिकारशक्तीचा अतिरेक : गाजरगवत, कोड आणि आपण



‘रोगप्रतिकारशक्ती वाढवा’ हा उपदेश आपण सतत ऐकतो. त्याच नावाने टॉनिकच्या बाटल्याही खपतात. परंतु काही रोगांत ही शक्ती कमी पडलेली नसते. ती भलत्याच ठिकाणी खर्ची पडत असते. याचे उदाहरण शोधायला वाशिम जिल्ह्याबाहेर जाण्याची गरज नाही. कोणत्याही धुऱ्यावर, ई-क्लासच्या जमिनीवर पाहा, पांढऱ्या बारीक फुलांचे गाजरगवत उभे असते.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातले. आपल्या देशात ते १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम नजरेस आले. आयात केलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. १९७० च्या दशकात पुण्यातील रुग्णांवरूनच त्याच्यामुळे होणाऱ्या त्वचारोगाचे वर्णन वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले.

या गवताच्या पानांवरील व खोडावरील बारीक केसांत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ते कातडीतील प्रथिनांना चिकटते. मग आपलेच प्रथिन शरीराला परके दिसू लागते. कातडीतील पहारेकरी पेशी ही खबर घेऊन जवळच्या लसिकाग्रंथीत जातात (अवधाण उठते त्या याच गाठी) आणि तेथील ‘टी’ पेशी त्या परक्याची ओळख कायमची लक्षात ठेवतात. म्हणूनच वर्षानुवर्षे निंदण करणाऱ्या माणसाला काही होत नाही आणि एखाद्या वर्षी अचानक पापण्या, मान, कोपराच्या खळग्या खाजून लाल होतात. गवताला हात लागल्यावर साधारण एक-दोन दिवसांनी हे उठते, त्यामुळे कारण चटकन ध्यानात येत नाही. वाळलेल्या गवताचा भुगा वाऱ्यावर आला तरी पुरते. शिंका, दमा, अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, या अ‍ॅलर्जीची तऱ्हा वेगळी. तिथे मिनिटांतच प्रतिक्रिया होते.

खरा प्रश्न पुढे आहे. रोग जुना झाला की चेहऱ्याची कातडी जाड होते, कपाळावर खोल वळ्या पडतात. गावात कुजबुज सुरू होते, “महारोग तर नाही?” मजुरी बंद, पंगतीत बाजूला बसवणे सुरू. ज्याच्या अंगात कसलाही जंतू नाही, त्याला संसर्गजन्य ठरवले जाते! आणि महारोगही आज औषधाने पूर्ण बरा होतो, हे तर कोणी लक्षातच घेत नाही.

हीच गोष्ट कोडाची. इथे तर बाहेरचे गवतही नाही. शरीराच्या संरक्षक पेशीच कातडीला रंग देणाऱ्या पेशी मारतात. कुंपणच शेत खाते. कोडाचा डाग पांढराशुभ्र असतो, पण त्यावर टोचलेले कळते. महारोगाच्या चट्ट्यावर बहुधा संवेदना गेलेली असते. कोड शिवल्याने पसरत नाही, ते कोणत्या पापाचे फळही नव्हे. तरी त्यापायी मुलींची लग्ने मोडतात.

विद्यार्थ्यांना पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये पसरलेली गिया-बारेची साथ आठवत असेल. संशयित रुग्ण दोनशेहून अधिक होते. अनेकांना आधी जुलाब झाले होते. त्यामागच्या एका जंतूच्या आवरणावरील शर्करा आपल्या मज्जातंतूंवरील शर्करेसारखीच असते. जंतूसाठी तयार झालेली प्रतिपिंडे मज्जातंतूंवर चालून जातात आणि पायांतले बळ जाते. जुलाबानंतर दोन-तीन आठवड्यांत पायांचा अशक्तपणा वर चढू लागला, तर त्याच दिवशी मोठे रुग्णालय गाठावे.

निरोगी शरीरात अशा पेशींना आवरणाऱ्या पेशीही असतात. त्यांच्यावरील संशोधनासाठी ब्रंको, रॅम्सडेल आणि साकागुची यांना २०२५ चे नोबेल मिळाले. या रोगांवरची बरीच औषधेही प्रतिकारशक्तीला आवर घालणारीच असतात. दुकानातून मलम आणून मनाने चोळत बसू नये. त्यात बहुधा स्टेरॉइड असते, खाज थांबते आणि कातडी पातळ होते.

आता श्रमदानाविषयी. शिबिरात गाजरगवत उपटायला मुलांना उघड्या हातांनी उभे करतात, हे मला मुळीच पटत नाही. फुले येण्यापूर्वी, पाऊस पडून जमीन ओली असताना, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून ते मुळासकट उपटावे. नंतर हातपाय साबणाने धुवावेत, कपडे वेगळे धुवावेत. ज्याला एकदा या गवताने पुरळ उठले, त्याला त्या रांगेत उभे करू नये. त्याच्याकडे पाणी वाटण्याचे काम द्यावे.