समुद्रफुलाचा वाडा

सुट्टीच्या दिवशी बोटीने फश्त अल अझमच्या प्रवाळ खडकाकडे जाणाऱ्या बहारीनच्या मराठी मंडळींशी आज मला बोलायचं आहे.

क्लाउनफिश तुमच्या मुलांना सिनेमामुळे ठाऊक आहे. तो भगवा. आखातातली जात, क्लार्कचा क्लाउनफिश, काळपट अंगाची, पांढऱ्या पट्ट्यांची, पिवळ्या परांची. वीतभरही भरत नाही. देखणा आहेच, पण मला काळजी आहे ती त्याच्या घराची.

समुद्रफूल हा फुलासारखा दिसणारा प्राणी, तोच क्लाउनफिशचा वाडा समजा. फुलाचे डंख मारणारे दोरे ही तटबंदी. अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे या माशाला तो डंख बाधत नाही. वाड्यात कर्ती बाई एकच, आकाराने सगळ्यांत मोठी. तिच्या खालोखाल तिचा नर. अंड्यांवर परांनी वारा घालत पहारा तो करतो. बाकीचे लहान मासे त्यांच्या पोटचे नव्हेत, ओसरीवरचे आश्रित. बाई गेली की हाच नर काही आठवड्यांत मादी होतो आणि आश्रितांतला थोरला नर होतो. माणसं बदलतात, वाडा चालू राहतो. पण वाडाच पडला तर? शेजारचे वाडे भरलेले, उघड्यावर मोठे मासे टपलेले.

पुन्हा सांगते, माशाला हात लावला नाही तरी वाडा मोडला की मासा गेला.

बहारीनचं पाणी हिवाळ्यात 15 अंशांच्या आसपास उतरतं, उन्हाळ्यात 35 ला टेकतं. समुद्रफुलांच्या शेजारची इथली प्रवाळं एवढं सोसतात, म्हणून त्यांना चिवट म्हणतात. खरं आहे. तरी 1996 आणि 1998 च्या उन्हाळ्यांनी फश्त अल अझमवरची बहुतेक प्रवाळं मारली. समुद्रफुलंही उष्म्याने अशीच पांढरी पडतात. त्यांच्या अंगात राहून त्यांना अन्न पुरवणारं सूक्ष्म शेवाळ निघून जातं, म्हणजे वाड्याची चूलच विझते. जमिनीसाठी समुद्रात भर घालताना उडणारा गाळ खडकावर बसतो, ते आणखी वेगळं... पण वेळ संपत आली.

समुद्राचा तळ जपता येतो. मोत्यांच्या शिंपल्यांचे इथले तीन पट्टे 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, तेही तळच आहेत. उन्हाळा आपल्या हाती नाही, नांगर आहे. तो वाळूत टाका, खडकावर टाकू नका. उथळ पाण्यात मुलांना प्रवाळावर उभं राहू देऊ नका, लक्षात ठेवा, वाडा तिथेच आहे. आणि घरच्या टाकीसाठी क्लाउनफिश घ्यायचाच असेल, तर टाकीतच पैदास झालेला मागा. तो मिळतो.