माहेरचे पाखरू

गेल्या हिवाळ्यात जैसलमेरजवळच्या मरु राष्ट्रीय उद्यानात आम्ही एक दिवस काढला. सेवण गवतावर चंडोल उडत होते. पण नजर शोधीत होती माळढोकाला. उन्हे कलताना एक मादी संथपणे बाहेर आली. येथे तिला गोडावण म्हणतात. एका विणीत ती बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. समोरचे नीट न दिसल्याने हे जड पक्षी विजेच्या तारांवर आदळून मरतात.

लहानपणी सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर वडिलांनी मला माळढोक दाखविला होता. तेथे तो आता क्वचितच दिसतो. माळाला आपण पडीक जमीन म्हणतो. त्याचे तर ते घर! परमुलखात भेटलेल्या त्या माहेरच्या पाखरापुढे माझे हात नकळत जोडले गेले.