ऐकण्याची विद्या

मनोविकारशास्त्राची पदवी घेऊन बाहेर पडणाऱ्या तरुण डॉक्टरच्या हाती आज औषधांची मोठी सामग्री असते. १९५२ साली क्लोरप्रोमाझिन हे औषध मनोविकारांवर वापरले जाऊ लागले आणि एरवी ज्यांचे आयुष्य रुग्णालयाच्या भिंतींआड गेले असते, असे कित्येक रुग्ण पुढील काळात घरी परतू शकले. या यशाचे मोल मोठे आहे. परंतु मनोविकारतज्ज्ञापाशी आणखी एक विद्या असावी लागते. रुग्णाशी बोलून, त्याहूनही अधिक त्याचे ऐकून घेऊन, त्याचे दुःख हलके करण्याची ही विद्या. तिला आपण येथे मानसोपचार म्हणू. नव्या डॉक्टरला ती कशी शिकवावी, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

ऐकणे ही का शिकण्याची गोष्ट आहे, असे कोणी विचारील. एक उदाहरण कल्पून पाहू. एक विवाहित तरुणी बाह्यरुग्ण विभागात येते. छातीत धडधडते, जीव घाबरा होतो, अशी तिची तक्रार असते. हृदयाच्या सर्व तपासण्या निर्दोष आहेत. बाहेर रांग वाढते आहे. डॉक्टर कळकळीने म्हणतो, "काळजी करू नका, तुम्हांला काहीही झालेले नाही." त्याच्या मते हा धीर असतो, तिला मात्र आपले बोलणे संपले असे वाटते. मघाशी ती सहज म्हणून गेली होती, "माहेरी आता कोणी राहिले नाही." ते वाक्य केसपेपरवर उतरलेच नाही.

आता या डॉक्टरने ती भेट आठवून शब्दशः लिहून काढली आणि तो आपल्या शिक्षकांपुढे बसला, असे समजा. शिक्षक निदानाविषयी थोडेच बोलतील. ते विचारतील, "माहेरचा विषय निघाला, तेव्हा तुम्ही एकदम झोपेचे का विचारलेत? त्या क्षणी तुमच्या मनात काय आले?" कदाचित त्याच्याही घरी नुकताच कोणाचा मृत्यू झाला असेल आणि त्या वाटेने जाणे त्याला स्वतःलाच नको असेल. रुग्णाच्या बोलण्याने आपल्या मनात उठणारे भय, राग, कंटाळा, कधी वाजवीपेक्षा अधिक माया, हे ओळखता येणे हा या शिक्षणाचा गाभा होय. ग्रंथ वाचून ते साधत नाही. शिकाऊ गवयाला आपला ढळलेला सूर पुष्कळदा ऐकू येत नाही. तो गुरूलाच दाखवून द्यावा लागतो. येथेही तसेच आहे.

लंडनच्या टॅव्हिस्टॉक क्लिनिकमध्ये मायकेल बॅलिंट यांनी १९५० नंतरच्या वर्षांत सामान्य डॉक्टरांचे छोटे गट जमवून त्यांच्या अवघड रुग्णांविषयी चर्चा घडवून आणल्या. डॉक्टर स्वतः हेही एक औषधच आहे. पण त्याची मात्रा किती आणि त्याचे दुष्परिणाम कोणते, हे कोणत्याही औषधकोशात सापडत नाही, असा त्यांच्या १९५७ सालच्या ग्रंथातील विचार आहे. ब्रिटनमधील तरुण मनोविकारतज्ज्ञांच्या प्रशिक्षणात अशा चर्चागटांना आज आवश्यक स्थान आहे.

आपल्या देशातही ही विद्या नवी नाही. डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ साली कलकत्त्यास भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. १९६४ साली सूर्य आणि जयराम यांनी दाखवून दिले की, भारतीय रुग्ण अंतर्मनाच्या मीमांसेपेक्षा प्रत्यक्ष आधाराची आणि मार्गदर्शनाची अपेक्षा अधिक करतो. १९७३ साली डॉ. जसवंतसिंग नेकी यांनी गुरुशिष्याच्या नात्यात उपचाराचा एक आदर्श पाहिला. म्हणजे, "डॉक्टर, तुम्हीच सांगा, मी काय करू?" हा प्रश्न आला की तरुण डॉक्टरने झटकून टाकू नये, आणि लगेच उपदेशही करू नये. या दोहोंमधील वाट अनुभवी शिक्षकच दाखवू शकतो.

भाषेचा प्रश्नही येथेच येतो. बेंगळूर किंवा रांची येथे शिकणाऱ्या मराठी डॉक्टरपुढे बसलेल्या रुग्णाचे दुःख वेगळ्याच भाषेत घडलेले असते. तसेच "मन खाते", "जीव रमत नाही", "डोके भणभणते" असे म्हणणारा मराठी माणूस परप्रांतातील डॉक्टरकडे जातो, तेव्हा त्या शब्दांचे भाषांतर होते, पण त्यांतील भार मागेच राहतो. नेमका हा शब्द का आला, असे थांबून विचारण्याची सवय शिक्षणातूनच लागते.

रुग्ण इतके आणि तज्ज्ञ थोडे, मग ऐकण्यास वेळ कोठून आणावा, हा आक्षेप खरा आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, पाहणी झालेल्या १२ राज्यांत, शंभरांतील दहांहून अधिक प्रौढ कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने त्या वेळी ग्रस्त आढळले आणि त्यांतील बहुसंख्य उपचारांपासून दूर होते. परंतु हाती दहाच मिनिटे असतील, तर ती कशी वापरावी हे कळण्याची निकड अधिकच वाढते. ज्याने एका रुग्णाचे महिनोन्‌महिने नीट ऐकले आहे, त्याच्या कानी घाईच्या भेटीतही ते माहेरचे वाक्य पडते.

म्हणून तीन वर्षांच्या शिक्षणक्रमात प्रत्येक विद्यार्थ्याने निदान काही रुग्णांवर दीर्घकाळ मानसोपचार करावा आणि आठवड्यातील एक तास शिक्षकांसाठी राखून ठेवावा. रुग्णांच्या गर्दीत सर्वांत आधी बळी जातो तो हाच तास. विभागप्रमुखांनी शस्त्रक्रियेची वेळ पाळावी तशी ती वेळ पाळली, तर मुलाखतीत निसटलेले वाक्य पुढच्या भेटीत पुन्हा विचारता येईल, आणि त्या तरुणीला आपल्या माहेराविषयी बोलता येईल.