पेन्शनचे बिल कोणाच्या दारात?

(कोल्हापुरातील कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



पेन्शन हा बायकांच्या चळवळीचा विषय आहे का, असे काहीजणींनी विचारले. माझ्या मते तो आपलाच विषय आहे.

मार्च 2023 आठवा. 14 तारखेपासून राज्यभर सरकारी कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा कोल्हापुरातही घुमली. त्याच महिन्यात जुन्या पेन्शनला विरोध करणारा बेरोजगार तरुणांचा मोर्चाही आपल्याच शहरात निघाला. सात दिवसांनी संप मिटला. दोन्ही मोर्चांनी मांडलेला प्रश्न मात्र तसाच राहिला.

जुनी पेन्शन म्हणजे शेवटच्या पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, आणि तेही हयातभर. त्यासाठी पगारातून कपात नाही आणि सरकारही काही बाजूला ठेवत नाही. ज्या वर्षी पेन्शन द्यायची, त्या वर्षीच्या करातून ती दिली जाते. म्हणजे काम आज करून घ्यायचे आणि मोबदल्याचा काही भाग आपल्या लेकीबाळींच्या नावावर उधार मांडायचा.

1 नोव्हेंबर 2005 पासून रुजू झालेल्यांसाठी राज्याने ही पद्धत बंद केली. कर्मचाऱ्याचे 10 टक्के आणि सरकारचे आधी तेवढेच, पुढे 14 टक्के जमा होऊ लागले. पैसा साठू लागला, पण बाजार पडला तर नुकसान कर्मचाऱ्याचे. शिवाय नवरा नोकरीत असताना वारला तर बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन नाही, ही स्थिती 2023 पर्यंत होती. 2024 मध्ये सरकारने निम्म्या पगाराच्या पेन्शनची हमी पुन्हा मान्य केली. त्या हमीपोटी दरवर्षी पुरेसे पैसे बाजूला पडतात का, हे आपण विचारलेच पाहिजे.

याचा अर्थ कर्मचाऱ्यांना आयतखाऊ म्हणायचे, असा नाही. पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात 1982 मध्येच सांगितले. पण ती कमाई असेल तर ज्या महिन्यात काम झाले, त्याच महिन्यात तिचे पैसे बाजूला पडायला हवेत.

आता आपल्या बायकांकडे या. अंगणवाडी योजना 1975 मध्ये सुरू झाली. सेविका मुलांची वजने घेते, आहार वाटते, रजिस्टरे भरते. हे सारे सरकारचेच काम, पण तिला मिळते ते ‘मानधन’. पगार नाही, म्हणून पेन्शनही नाही. ग्रॅच्युइटीचा तिचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये मान्य केला. तरीही डिसेंबर 2023 मध्ये ग्रॅच्युइटी आणि पेन्शनसाठी राज्यातल्या सेविकांना पुन्हा संपावर जावे लागले.

आणि शेतमजुरी करून थकलेली विधवा? संजय गांधी निराधार योजनेत 2023 च्या वाढीनंतर तिला महिना 1,500 रुपये ठरले. त्यासाठी कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत असल्याचा दाखला आणायचा. ही बाई साबण आणि चप्पल घेताना कर भरते. त्या करातून दुसऱ्याची पेन्शन जाते, तिच्या म्हातारपणाची मात्र कुठेच नोंद नाही.

म्हणून ‘कर्मचारी विरुद्ध करदाते’ या भांडणात आपण कोणा एकाच्या बाजूने उभे राहू नये. तीन गोष्टी मागू या. पेन्शनची जेवढी हमी दिली, तेवढा निधी दरवर्षी साठवा आणि त्याचा हिशेब अर्थसंकल्पात सोप्या मराठीत द्या. सेविका आणि आशा यांना कर्मचारी म्हणून मोजा, त्यांच्या नावेही पैसे भरा. आणि निराधार बाईच्या रकमेलाही महागाई भत्त्यासारखी वाढ जोडा.

पुढच्या अर्थसंकल्पाआधी प्रत्येक गटाने आपल्या आमदारांना हे तीन प्रश्न लेखी द्यावेत आणि उत्तरही लेखीच मागावे. आलेली उत्तरे आपण पुढच्या बैठकीत एकत्र वाचू.